ट्रक ओढत नाही आणि डिझेल पण जास्त पितोय? पंप खोलायच्या आधी हे बघा

नवीन गाडी घेतलेल्या किंवा वडिलांची गाडी हातात आलेल्या पोरांचे फोन येतात, दादा गाडी ओढत नाय आणि अ‍ॅव्हरेज पण पडलंय, पंपवाल्याकडं (डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडं) नेऊ का. माझं उत्तर ठरलेलं, नको. आधी मला सांग ही एक तक्रार आहे का दोन? कारण निम्मे लोक इथंच फसतात. गाडी ओढत नाही हा एक आजार, डिझेल जास्त पिते हा दुसरा, कधी दोन्हीचं मूळ एकच असतं आणि कधी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

माझ्याच गाडीचं सांगतो. दहाचाकी, बीएस४ (२०२० च्या आधीच्या प्रदूषण नियमाची), सांगलीहून साखर भरून उरणला बंदरात आणि येताना मिळेल ते भाडं. परतीला पारगाव-खंडाळा सोडलं की खंबाटकी लागतो (तेव्हा बोगदा पुण्याकडं येणाऱ्यांना होता, आपल्याला घाट चढावाच लागायचा), तिथं जी गाडी तिसऱ्या गियरवर आरामात निघायची ती दुसऱ्यावर यायला लागली आणि अ‍ॅव्हरेज लिटरला ४.१ किलोमीटरवरून साडेतीनवर आलं. मिस्त्री म्हणाला इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोजल. सहाच्या सहा उतरवले, टेस्ट केले, पाच आकडी बिल झालं, आणि पुढच्या फेरीला खंबाटकीत परत दुसरा गियर. शेवटी सापडलं काय, तर टाकीकडून येणाऱ्या डिझेल लाईनच्या बँजो बोल्टचा (लाईन जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचा वायसर दबून गेला होता आणि लाईन हवा घेत होती. वायसर बदलला, गाडी घोड्यासारखी चढली. पण अ‍ॅव्हरेज? तेच साडेतीन. ते आणखी तीन आठवड्यांनी कळलं, मागच्या हाऊसिंगच्या (एक्सलच्या) डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. म्हणजे दोन तक्रारी, दोन आजार, आणि ज्याचं बिल भरलं ते इंजेक्टर दोन्हीत निर्दोष.

तेव्हापासून मी ज्या क्रमानं बघतो तो क्रम खाली देतोय. फुकटचं आधी, महागाचं शेवटी.

पहिलं काम, आकडा काढा

"अ‍ॅव्हरेज पडलं" असं नुसतं म्हणून चालत नाही, किती पडलं ते वहीत पाहिजे. पद्धत जुनीच, टाकी फुल टू फुल. पण ती नीट करा. डिझेल भरायचा पंप तोच, गाडी सपाट जागेवर उभी, नोजल आपोआप कट झालं की थांबायचं, वरून गळ्यापर्यंत भरायचं नाही. ट्रकची टाकी एवढी लांब असते की गाडी जरा एका अंगाला कलती असली तरी भरताना दहा-बारा लिटरचा फरक सहज पडतो आणि मग आपण त्या दहा लिटरच्या मागं मिस्त्री फिरवतो. एका फेरीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन फेऱ्या एकत्र धरा आणि प्रत्येक फेरीची वजनकाट्याची पावती त्याच पानाला टाचून ठेवा, कारण पाच टन जादा भरले तर अ‍ॅव्हरेज पडणारच, तो आजार नाही.

माझं गणित असं होतं, दोन फेऱ्या मिळून १४३० किलोमीटर आणि डिझेल ४०२ लिटर, म्हणजे साडेतीनच्या जरा वर. आधीच्या ४.१ नं तेच अंतर ३४९ लिटरमध्ये झालं असतं. ५३ लिटर जास्त. नव्वद रुपयांनी धरलं तरी पावणेपाच हजार दोन फेऱ्यांत गेले. हा आकडा समोर असला की कुठल्या दुरुस्तीवर किती खर्च परवडतो ते आपोआप कळतं.

इथंच तीन शंका फेडून घ्या. टायरचा साईज बदललाय का, कारण मग किलोमीटरचा काटाच खोटं बोलतो. गाडी उभ्या उभ्या चालू किती राहते, कारण बंदराच्या रांगेत एसी लावून झोपलं तर तासाला दीड-दोन लिटर नुसतं जळतं (ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीये, चांगलंच आहे, पण हा हिशोब धरायला लागणार). आणि तिसरी शंका, डिझेल टाकीतून कुणी काढत तर नाही ना. ही शंका ड्रायव्हरवर लगेच घेऊ नका, माणूस दुखावतो, झाकणाचं कुलूप आणि खालचा ड्रेन बोल्ट आपण स्वतः बघायचा, त्यावर पान्याचे ताजे ओरखडे दिसतात का.

अजून एक, "दादा गाडी ऐंशीच्या वर जातच नाही" म्हणून पण फोन येतात. अरे बाबा तो स्पीड गव्हर्नर आहे, ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या माल गाड्यांना ऐंशीला बांधलेलंच आहे. तो फॉल्ट नाही.

दुसरं, धूर बघा

हे सगळ्यात स्वस्त मशीन आहे. लोड गाडी, चढ, फुल ॲक्सिलेटर, आणि मागच्या गाडीतून किंवा आरशातून सायलेन्सरकडं नजर. बीएस६ ला डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) असल्यामुळं धूर दिसतच नाही, तिथं ही परीक्षा चालत नाही, तिचं पुढं बघू. बीएस४ आणि त्याच्या आधीच्या गाड्यांना असं लावा:

काळा धूर आणि ताकद नाही, म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा), इंटरकूलरचे (ती हवा गार करणारी जाळी) पाईप, एक्झॉस्ट ब्रेक. यात अ‍ॅव्हरेज पण पडतं, कारण न जळलेलं डिझेलच काळं होऊन बाहेर चाललंय.

धूर अजिबात नाही आणि ताकद पण नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. फिल्टर, लाईन, हवा घेणं, टाकीचा श्वास (झाकणातलं हवेचं भोक). यात अ‍ॅव्हरेज फारसं पडत नाही, ही खूण लक्षात ठेवा, माझा मिस्त्री इथंच चुकला होता.

धूर नेहमीसारखा, इंजिन खणखणीत, पण अ‍ॅव्हरेज गेलंय, तर इंजिनला हात लावू नका, खाली चाकांकडं बघा. काहीतरी गाडीला मागं ओढतंय.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी दोन मिनिटं आला तर सोडून द्या, गरम झाल्यावर पण येत राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि कूलंट पण कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

तिसरं, फुकटच्या गोष्टी

हसू नका, पण ॲक्सिलेटरखालची रबरी मॅट बघा. एका मित्राच्या गाडीत दुहेरी मॅट टाकली होती, पॅडल शेवटपर्यंत जातच नव्हतं, महिनाभर गाडी "कमजोर" होती. इंजिन बंद ठेवून पॅडल हातानं पूर्ण दाबा, जुन्या केबलच्या गाडीला खाली पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतो का ते दुसऱ्याला बघायला सांगा.

बऱ्याच नव्या गाड्यांना डॅशबोर्डवर लाईट, मीडियम, हेवी असा मोडचा स्विच असतो. रिकाम्या गाडीसाठी लाईटवर टाकला आणि पंचवीस टन भरून तसाच राहिला, की गाडी ओढणार कशी. आणि उलटं पण होतं, रिकामी गाडी हेवीवर पळवली की डिझेल जातं.

एक्झॉस्ट ब्रेकची फ्लॅप टर्बोच्या पुढं सायलेन्सर पाईपात असते. ती काजळीनं अर्धवट अडकली तर इंजिनचा गळा दाबल्यासारखं होतं. माणसाला स्विच दाबायला लावा, बाहेरचा लिव्हर पूर्ण परत येतो का बघा. गाडी थंड असताना, तो पाईप चालू गाडीत प्रचंड तापतो.

टायरची हवा सकाळी थंड असताना मोजा, हातोडीनं ठोकून नाही, गेजनं. जोडीच्या आतल्या टायरकडं कुणी बघत नाही आणि तोच कमी असतो.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडं मिस्त्र्यांची एक खोड आहे, गाडी गरम होते म्हणलं की थर्मोस्टॅट काढून फेकतात, "आता नाय होणार गरम." होत नाहीच, पण मग इंजिन कायम थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलपण लवकर खराब होतं. टेंपरेचरचा काटा लांबच्या रनिंगला पण खालीच राहत असेल तर आधी विचारा, थर्मोस्टॅट जागेवर आहे का? तसंच रेडिएटरचा फॅन, विस्कस (फॅनचा आपोआप सुटणारा क्लच) जाम झाला की थंड गाडीला पण तो विमानासारखा आवाज करत फिरतो आणि ती ताकद इंजिनमधूनच जाते.

चौथं, चाकं आणि ब्रेक

वीस-पंचवीस किलोमीटर सपाट रस्त्याला, होईल तेवढं ब्रेक न मारता चालवा. सुरक्षित जागी थांबवा आणि प्रत्येक ड्रमजवळ हाताची उलटी बाजू न्या, टेकवायची नाही, नुसती जवळ, धग कळते. हजार-दीड हजाराची टेंपरेचर गन मिळते, ती असेल तर उत्तम. माझ्या गाडीचे बाकी ड्रम साठ-पासष्ट दाखवत होते आणि मागचा डावा एकशे चाळीस. फरक बघायचा, आकडा नाही. एक बाकीच्यांपेक्षा फारच गरम असेल तर तो ब्रेक धरून आहे, किंवा त्याचं बेअरिंग टाईट आहे.

मग चाकांना दगड लावून, जॅक देऊन, हँडब्रेक सोडून (ब्रेकच्या हवेच्या टाकीत हवा पूर्ण पाहिजे, नाहीतर स्प्रिंग ब्रेक सुटत नाही आणि उगाच सगळेच जाम वाटतात) चाक हातानं फिरवा. अडकत असेल तर स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकचा ताण ठरवणारा लिव्हर) जास्त आवळलाय का, कॅम शाफ्टचा बुश सुकलाय का, ब्रेकचा हवेचा चेंबर पूर्ण परत जातो का. माझा बुश सुकला होता, ग्रीस जाणाऱ्या निपलवर मातीचा थर. एक सांगून ठेवतो, मागच्या स्प्रिंग ब्रेक चेंबरचा क्लॅम्प स्वतः कधीच खोलू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर माणूस मरतो.

टायरवरून हात फिरवा, एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलंय. दहाचाकीला मागचे दोन हाऊसिंग एकमेकांना समांतर नसतील तरी असंच होतं, टॉर्क रॉडचे (हाऊसिंग जागेवर धरणारे दांडे) बुश बघायला लावा.

पाचवं, हवेची बाजू

एअर फिल्टरच्या डब्यावर किंवा डॅशबोर्डला इंडिकेटर असतो, लाल झाला की फिल्टर चोंदला. ऊसाच्या सीझनला शेतातून आणि क्रशरच्या खडीवर चालणाऱ्या गाडीला किलोमीटरवर जाऊ नका, इंडिकेटरवर जा. बाहेरचा मोठा फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेनं फुंकता येतो, दोन-तीन वेळाच, आणि फुंकल्यावर आत बॅटरी लावून अंधारात बघा, कुठं टाचणीएवढा उजेड दिसला तरी फेकून द्या. आतला छोटा सेफ्टी फिल्टर फुंकायचा नसतो, सरळ बदलायचा. टायरवाल्याच्या गनच्या फुल प्रेशरनं फिल्टर फुंकणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ लायनर आणि टर्बो दोन्ही खाते.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज. प्रत्येक क्लिपजवळ बघा, ओलसर तेलाचा डाग धरून धूळ चिकटली असेल तर तिथून हवा निसटतेय. नुसत्या आयडलिंगला साबणाचं पाणी मारून उपयोग नाही, तेव्हा टर्बो प्रेशर बनवतच नाही, त्यामुळं फुगे येत नाहीत आणि लोक म्हणतात लीक नाही. वर्कशॉपमध्ये लाईन बंद करून बाहेरून एक-दीड बार हवा भरून साबण मारतात, ती खरी टेस्ट. होज हातानं दाबून वाकवून बघा, खालच्या बाजूची चीर नुसत्या नजरेला दिसत नाही.

टर्बो थंड असताना पाईप काढून पंखा बोटानं फिरवा. शाफ्ट आजूबाजूला किंचित हलतो, ते चालतं, पण आत-बाहेर खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असल्या तर टर्बो गेला. मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडावर काजळीचे काळे फटकारे दिसले तर गॅस तिथंच निसटतोय, टर्बो फिरायला काही शिल्लकच राहत नाही. पाईपात तेलाचा हलका ओशटपणा असतोच, डबकं नको.

सहावं, डिझेलची बाजू

इथं एक गोष्ट समजून घेतली की अर्धं काम झालं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (तोच टाकीतून डिझेल ओढतो) लाईन ओढणारी आहे, दाबणारी नाही. म्हणून तिथं भोक असलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. लाईन कोरडी ठणठणीत दिसते आणि मिस्त्री म्हणतो लीक कुठाय.

ओळखायचं कसं? फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक पाईप जोडा, इंजिन चालवा, फुग्यांची माळ दिसली की हवा घेतेय. मला त्या पाईपात सोड्याच्या बाटलीसारखं दिसलं होतं. मग मागं मागं जायचं, सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) वाटीचा ओ-रिंग, हातपंपाचं सील, बँजोचे वायसर (खोलला की वायसर नवाच टाकायचा, जुना उलटा करून नाही), शेवटी टाकीतल्या पाईपाची चीर. टाकी अर्ध्याखाली आली की गाडी त्रास देते आणि फुल केली की बरी होते असं असेल तर सरळ टाकीतल्या पाईपावर संशय घ्या.

दुसरी टेस्ट कॅनची. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन फीड पंप त्यातून ओढायला लावा. गाडी खणखणीत झाली तर दोष टाकी किंवा लाईनचा.

तिसऱ्या टेस्टला तर काहीच लागत नाही. घाटात दम गेला की बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय.

सेपरेटरचं पाणी रोज सकाळी चालू करायच्या आधी काढा, पावसाळ्यात तर चुकवूच नका. काचेच्या ग्लासात घ्या, पाणी खाली बसतं. जुना फिल्टर बदलल्यावर तो करवतीनं कापून कागद बघायची सवय लावा, काळा चिकट गाळ असेल तर टाकी धुवायला झालीये. आणि हायवेला बायोडिझेल म्हणून जे स्वस्तात टाकून देतात त्याच्या नादाला लागू नका, लिटरमागं वाचलेले रुपये फिल्टर, सील आणि इंजेक्टर व्याजासकट परत घेतात.

बीएस६ वाल्यांसाठी

२०२० च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. इथं गाडी स्वतःच ताकद कमी करते, मुद्दाम. डॅशबोर्डला दिवा लागलाय का ते पहिल्यांदा बघा, आणि स्कॅनर लावून कोड वाचा, पुसू नका. कोड पुसून गाडी चार दिवस पळते आणि मग परत तेच, शिवाय वाचायला काही उरत नाही.

डीपीएफ काजळीनं भरला की गाडी स्वतः तापवून जाळते, त्याला रिजनरेशन म्हणतात. ते चालू असताना तुम्ही गाडी बंद केली, परत परत केली, की काजळी साठत जाते. गावातल्या गावात फिरणाऱ्या आणि तासन्‌तास आयडलिंगवर असणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. शिवाय जाळताना जादा डिझेल जातं, म्हणून रिजनरेशन वारंवार होतंय तर अ‍ॅव्हरेज पण पडणार, आणि मग प्रश्न विचारायचा की एवढी काजळी होतेच का, उत्तर बहुतेक वेळा वरच्या होज आणि टर्बोत सापडतं.

युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, ३२.५ टक्के युरियाचं असतं. शंभर लिटर डिझेलमागं साधारण चार-पाच लिटर जातं, गाडीप्रमाणं कमीजास्त. घरी खताचा युरिया कालवून टाकणारे महाभाग आहेत, त्यांचे डीईएफचे इंजेक्टर पांढऱ्या खड्यांनी बुजलेले मी बघितलेत. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत पडलं तर चावी पण फिरवू नका, तिथंच टाकी रिकामी करा. डीपीएफ काढून "सेटिंग" करून देतो म्हणणारे भेटतील, ते बेकायदा आहे आणि पीयूसीला, वॉरंटीला, विकताना, सगळीकडं आडवं येतं.

मग उरलेलं, आणि शेवटी इंजेक्टर

क्लच घसरतोय का ते चढावर कळतं, आरपीएम वाढतो, स्पीड वाढत नाही आणि जळका वास येतो. टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटीचं) सेटिंग कधी झालंय ते वहीत बघा. ऑइलचं झाकण उघडल्यावर चालू इंजिनमधून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा झिजल्यात, तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट.

एक जुनी सवय मात्र सोडा. पूर्वीच्या पंपाच्या गाड्यांना चालू इंजिनमध्ये एकेका इंजेक्टरचा नट सैल करून कुठला सिलेंडर मेलाय ते बघायचे. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीला हे कधीच करायचं नाही. आत हजार बारच्या वर दाब असतो, ती बारीक धार कातडीतून आत घुसते, बाहेर नुसता टाचणीएवढा डाग दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. लागलंच तर घरगुती उपाय न करता तासाभरात मोठ्या हॉस्पिटलला. सिलेंडर बंद करून बघायचं काम स्कॅनर करतो.

इतकं सगळं बघून पण भागलं नाही तर जा पंपवाल्याकडं, आणि गेलात तर तिथंच थांबा. आधी इंजेक्टर गाडीवर असतानाच रिटर्नची (इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची) टेस्ट करायला लावा, सहा बाटल्या लावतात, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तोच खराब, मग सहाच्या सहा का काढायचे? नवीन टाकला तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) फीड केला का ते विचारा, मोबाईलवर त्या कोडचा फोटो घ्या. जुने पार्ट पोत्यात घालून परत न्यायचे, बिलाच्या मागं किलोमीटर लिहायचा, आणि निघताना त्याच नेहमीच्या पंपावर टाकी परत फुल करायची.